दोन आकड्यांची जागा

२ नोव्हेंबर २०१८, शुक्रवार

तैवानहून पार्सल आलं. चिप हातावर घेतली. करंगळीच्या नखाएवढी. तिची खरी किंमत आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं चार माणसांत सांगताना फुगणार नाही. बजाजनगरचा कोपऱ्यावरचा प्लॉट. बायकोच्या, शालूच्या, दोन पाटल्या. तिनं आपणहून काढून दिल्या, पण त्यानंतर आठ दिवस बोलली नाही, ते वेगळं धरावं लागेल. आमच्या इंजिनिअर प्रेरणाचं लग्न, दोनदा पुढं ढकललेलं. माझे चौदा महिने. थोरल्या बहिणीकडची, बानाआक्काकडची, एक दिवाळी, आणि ही धरली तर दोन.

पण चिप आपली.

एकोणीस वर्षं आम्ही डेअरीचे कॉम्प्युटर करतोय. गावातली बाई किटली घेऊन येते, दूध ओततात, आमची पेटी वजन घेते, फॅट मोजते, दर लावते, चिठ्ठी देते. पेटी वाळूजची, आतलं डोकं मात्र परदेशी. मागच्या साली त्या कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं, की हा प्रोसेसर आता बंद करतो आहोत. एकोणीस वर्षांचा धंदा आणि दोन ओळी. त्याच दिवशी ठरवलं, डोकंही घरचंच घालायचं. नाव ठेवलं 'मल्हार'. आमच्या आबांचं नाव.

आपल्या चिपची मेख अशी, की दराचा तक्ता तिच्या आतच कोरलेला आहे. तक्ता सॉफ्टवेअरमध्ये असला की डेअरीचे सेक्रेटरी त्यात बोट घालतात. इथं बोट घालायला फटच नाही.

प्रेरणा आजच्या दिवशीही तोंड पाडून बसली होती. चिपचा सगळा आराखडा तिचा. वडील कन्नडला ऊस लावतात, पोरगी बंगळुरात सहा वर्षं हेच काम करून माझ्या आग्रहानं परत आली.

"सर, फॅटला दोनच आकड्यांची जागा आहे. नऊ पॉइंट नऊपर्यंत. मला अजून खुपतंय ते."

हे भांडण वर्षापूर्वीचं. तक्ता पंधरापर्यंत नेला तर दीडपट होतो, चिपवर तेवढी जागा नाही, मोठी चिप करायची तर तिकडची पुढची खेप सहा महिन्यांनी. तेव्हा जे म्हणालो तेच आज म्हणालो. "प्रेरणा, तू पुस्तकातून आलीस. मी म्हशीच्या कासेखाली वाढलोय. दहाच्या वर फॅट कुठं असते का? म्हशीचं मला शिकवू नको."

हसली. दूध संघाच्या दोन वर्षांच्या नोंदी तिनं तपासल्याच होत्या. सर्वांत जास्त ९.६. झालं तर मग.

९ नोव्हेंबर

भाऊबीज. चाचण्या चालू, निघता आलं नाही. साडी एसटीच्या पार्सलनं पाठवली. संध्याकाळी आक्काचा फोन.

"बिभीषणा, तू नाय आला, मग पार्सलवाल्यालाच ओवाळलं. त्यो म्हणतो, बाई, लवकर उरका, गाडी सुटंल."

माझे कान लहानपणापासून तिखट. औरंगपुऱ्यात रेडिओ दुरुस्तीला बसलो ते कानांच्या जोरावर. बोलताना आक्काच्या मागं म्हशीची साखळी खुंट्याला घासत होती, ते अख्खं अंगण दिसलं मला.

"वैरण नाय रं. उसाचं वाढं घालती. म्हैस औंदा गाभण बी राहिली नाय, लांबलीय लई. दूध थोडंच देती, पर दाट."

मी म्हणालो, दाट असू दे, आता मशीन तुझ्या भावाचं येणार. दाटपणाचे पैसे पुरेपूर मिळतील.

१७ डिसेंबर, सोमवार

पहिलं मशीन आक्काच्या गावात बसवलं. माझा हट्ट. दूध संघाचे अध्यक्ष नानासाहेब जातीनं आले. भाषण लांबलं, पण मुद्द्याचं बोलले. "साय काढलेलं दूध तीनदा आलं, की खातं आपोआप बंद. सांडूला विचारायचं नाही, मला विचारायचं नाही. मशीन कुणाचं ऐकत नाही!" टाळ्या पडल्या. त्यात आक्काच्या बांगड्यांचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

सांडू म्हणजे तिथल्या डेअरीचा सेक्रेटरी. मला कानात म्हणाला, "पाव्हणं, मला हात घालायला जागाच ठेवली नाय तुमी."

"त्याचसाठी केलंय, सांडूशेठ."

पहिली किटली आक्काची. फॅट ९.४. बायांमध्ये कुजबुज, बानाबाईच्या भावाचं मशीन हाय. आक्कानं चिठ्ठी घडी करून चंचीत ठेवली. तिला वाचता येत नाही. घरी नेऊन काय करणार, विचारलं. "ऱ्हाऊ दे की," म्हणाली.

२३ जानेवारी २०१९

दोनशे दहा डेअऱ्या झाल्या. शहरात नळाला सहाव्या दिवशी पाणी. वाळूजच्या कारखान्यांचंही पाणी तोडलं, शेजारचा रंगवाला रडतोय. आपल्या धंद्याला पाणी लागत नाही, एवढं बरं आहे. येताना पैठण रोडला नव्या फ्लॅटची जाहिरात बघितली, 'चोवीस तास पाणी'. बरोबर तिच्या खाली टँकरची रांग.

१५ फेब्रुवारी

नानासाहेबांचा फोन. हसू आवरत नव्हतं. "बिभीषणराव, तुमच्या मशीननं चोरांचा बाजारच उठवला की!" कुठं फॅट ०.२ लागतेय, कुठं ०.४. तीसएक गावांतून. साय काढून, लोणी करून, उरलेलं पाणचट दूध डेअरीला. तुपाचे भाव बघता मला नवल वाटलं नाही.

प्रेरणाला ही बातमी उत्साहानं सांगितली.

"शून्य पॉइंट दोन? सर, हातानं कितीही साय काढली तरी दीड-दोन राहते. एवढं खाली न्यायला यंत्र लागतं."

"घेतलं असेल कुणीतरी यंत्र."

"तीस गावांत? एकदम?"

"दुष्काळात माणूस काय काय करतो, ते तुला माहीत नाही, बाळ."

 तिच्या हातातलं पेन बराच वेळ टकटक करत राहिलं.

३ मार्च, रविवार

आक्काला फोन लावला. तीन आठवडे झाले होते. फार बोलली नाही. शालू कशी, पोरं कशी, एवढंच. दूध किती जातं विचारलं तर म्हणाली, "आता नाय घालत डेअरीला. घरालाच लागतं."

बरं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात दूध घातलं, आता नातवंडं तरी पितील.

मागं साखळी वाजली नाही. म्हैस चरायला सोडली असेल. शालूला सहज सांगितलं, तर म्हणाली, "दुपारी दोनला? आणि रानात आहे काय चरायला?" हिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

१९ मार्च

प्रेरणानं तीन दिवसांची रजा मागितली. लग्नाची खरेदी. दिली. जाताना तिच्या पिशवीत काच वाजली, आमच्या चाचणीखोलीतल्या नळ्या. त्या नळ्यांत दूध आणि आम्ल घालून, फिरवून, हातानं फॅट काढायची जुनी पद्धत आहे. लग्नाच्या खरेदीला नळ्या कशाला लागतात, ते विचारायचं राहिलं. खरं लिहायचं तर विचारलं नाही.

२२ मार्च, शुक्रवार

सगळं कळलं ते क्रमानं लिहितो. एरवी उद्या स्वतःशीच काहीतरी दुसरं सांगेन.

प्रेरणा अकरा गावं फिरली, एसटीनं आणि जीपनं. ज्यांची खाती बंद झाली त्यांच्या दारात जाऊन, डोळ्यांसमोर धार काढायला लावून, दूध नळ्यांत तपासलं. मग तेच दूध आमच्या मशीनमध्ये. टेबलावर कागद ठेवला. डावीकडं नळी, उजवीकडं मशीन.

१०.४ – ०.४

१०.१ – ०.१

११.० – १.०

"पुढचा एक बसायला जागाच नाही, सर. मशीन तो टाकून देतं."

मी म्हणालो, दहाच्या वर फॅट जाते कशी?

"औंदा म्हशी गाभणच राहिल्या नाहीत. खायला नाही, कशा राहतील? आहेत त्या वर्ष-दीड वर्ष तशाच दूध देतायत. आटत आलेल्या म्हशीचं दूध दाट होत जातं. आपण ज्या दोन वर्षांच्या नोंदी तपासल्या, ती पावसाची होती. सर, हे गावातल्या कुठल्याही बाईला..." इथं थांबली.

सॉफ्टवेअरनं दुरुस्त होईल का, विचारलं.

"कुलूप घाला आणि किल्ली विहिरीत टाका, असं तुम्हीच म्हणाला होतात. तसंच केलंय मी. चांगलं केलंय."

बंद झालेली खाती अकराशे त्रेसष्ट. यादी तिनं आणली होती. आक्काच्या कन्नड तालुक्याचं पान वर होतं आणि त्यातली तिसरी ओळ पेनानं अधोरेखित होती. बानाबाई सर्जेराव. ०.३, ०.२, ०.४. खातं बंद २१ फेब्रुवारी. कारण: साय काढलेले दूध.

"मी गेले होते त्यांच्याकडं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. तुमची चौकशी केली. चहा दिला. काळा."



२५ मार्च

नानासाहेबांच्या ऑफिसात. सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"बिभीषणराव, निवडणूक तोंडावर आहे. आता तुम्ही तोंड उघडलं, तर अकराशे घरं माझ्या ओट्यावर येऊन बसतील. मी सांगतो ते ऐका. जूनला पाऊस पडेल, हिरवं येईल, म्हशी गाभण राहतील, वितील. फॅट आपसूक खाली येईल. तुमचं मशीन आपोआप बरोबर होईल."

"आणि खाती?"

"हळूहळू उघडू. तांत्रिक अडचण म्हणू."

वाईट हे, की त्यांचं गणित बरोबर होतं. मी धंदेवाला माणूस, बरोबर गणित मला लगेच ऐकू येतं. कारखान्यात बासष्ट माणसं आहेत. चहा पिऊन उठलो. 'हो' म्हणालो नाही. 'नाही' तर नाहीच म्हणालो.

३० मार्च

काही केलं नाही.

२ एप्रिल

आजही नाही. आक्काचा नंबर दोनदा काढला. पहिली रिंग वाजायच्या आधीच तोडला. तिला काय म्हणायचं, याचं पहिलंच वाक्य सापडत नाही. प्रेरणा ऑफिसात माझ्याशी कामापुरतं बोलते. पेन टकटक करत नाही आता, ते जास्त ऐकू येतं.

६ एप्रिल

पाडवा. शालूनं गुढी उभारली, नैवेद्य ठेवला आणि तिथंच, हातात तबक धरून विचारलं, "आक्कांना फोन केला?"

"नाही."

"रेडिओतली एक ढिली तार तुम्हाला कानानं कळायची म्हणे."

एवढंच बोलून आत गेली. मी जेवलो नाही. दुपारी बसून पत्र लिहिलं. चूक आमच्या चिपची आहे. फॅट दहाच्या वर गेली की ती चुकते. या यादीतल्या कुणीही साय काढलेली नव्हती. खाली माझी सही, शिक्का. संघाला न विचारता चारशे बारा डेअऱ्यांना थेट पाठवलं, सोबत गावागावाची यादी. डेअरीच्या फळ्यावर लावा, असंही लिहिलं.

पोस्टातून परत येताना हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

८ एप्रिल

नानासाहेबांचा फोन. शिव्या दिल्या नाहीत. "तुम्ही हुशार माणूस समजत होतो," म्हणाले आणि ठेवला. संघाचं पुढचं काम गेलं.

२ मे

गावोगाव माणसं पाठवून मशीनं दुरुस्त करतोय. जुन्या पेट्यांतले परदेशी प्रोसेसरवाले बोर्ड गोदामात पडून होते, काही भंगारवाल्याकडून परत आणले, पुसले, तपासले, तेच बसवतोय. मल्हार काढायचा, जुनं डोकं घालायचं. एका पेटीला चाळीस मिनिटं. जुनं बिनतक्रार चालू होतं. मला राग येतो तर त्याचाच येतो.

बासष्टपैकी एकोणीस माणसं उरली. बाकीच्यांना एकेकाला बोलावून सांगितलं. कडूबाई अकरा वर्षं जोडणीवर होती. म्हणाली, "साहेब, आमी जोडलेलं तर नव्हतं ना चुकलं?" नाही म्हणालो. "मग बरं," म्हणाली आणि डबा उचलून गेली.

प्रेरणा बंगळुराला चालली. लग्न झालं की लगेच. शेवटच्या दिवशी सगळ्या फायली नीट लावून दिल्या. मी म्हणालो, तुझं ऐकायला पाहिजे होतं.

"नाही सर. मी नुसती विचारत बसले. अडून बसायला पाहिजे होतं."

उरलेल्या चिपा अकरा हजार. बुटांच्या एका खोक्यात मावल्या.

२० मे

जिथं जिथं माणसं गेली तिथून ऐकतोय. खाती उघडली, पण बाया परत फार आल्या नाहीत. कुणी म्हैस विकली, कुणी खासगी गवळ्याला दूध लावलं, कमी भावानं. एका गावात सून माहेरी पाठवली, सासू म्हणे साय तीच खाते. पत्र गेलं तेव्हा ती माहेरीच होती. अजून आहे. मी नानासाहेबांचा चहा पिऊन उठलो ते दिवस मोजले. बारा. त्या बारा दिवसांत बंद झालेली खाती वेगळी काढली. एकशे सत्तेचाळीस. ही चिपनं केली असं म्हणता येत नाही.

९ जून, रविवार

आक्काच्या गावचं मशीन मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आज मीच गेलो. पाऊस नाही. घाटापर्यंत सगळं पिवळं.

सांडू बाजूला उभा राहून बोर्ड बदलताना बघत होता.

"पत्र लावलं होतं का, सांडूशेठ?"

"लावलं की, पाव्हणं. दोन दिवस होतं. मंग कुणीतरी वरून लग्नाची पत्रिका चिटकवली."

"आणि आधीची, खाती बंद झाल्याची यादी?"

"ती व्हय? ती होती दीडएक महिना."

मशीन चालू झालं. मी आक्काकडं गेलो.

अंगणात खुंटा होता, साखळी नव्हती. दावणीत सरपण रचलेलं. आक्कानं पाणी दिलं, मग चहा. काळा. मी कप धरून बसलो.

"म्हैस?"

"इकली. कन्नडच्या बाजारात. घेणाऱ्यानं दात नाय बघितले, धार नाय बघितली. निसतं वजन इचारलं."

मी कप खाली ठेवला. शेवटी मीच म्हणालो, "आक्का, मला एक फोन का नाही केलास?"

"काय सांगू फोनवर?" ती चुलीतला निखारा मागं सारत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "रांगेत समद्या बाया हुत्या. सांडू म्हणला, बानाबाई, साय काढतीस व्हय? म्या म्हणले, मशीन चुकलं आसंल. तवा त्यो म्हणला, मशीन तर तुझ्या भावाचं हाय. आता भाऊ खोटा, का तू खोटी?"

"मग?"

"मग काय. म्या म्हणले, मीच काढली साय."

सांडू तसा वाईट माणूस नाही. त्यानं मशीनवरचा आकडा तेवढा वाचला.

"सर्जेराव मेल्यापासून त्या म्हशीवर घर चाललं माझं," आक्का म्हणाली. "पर तू पाच-पंचवीस माणसं पोसतोस. तुझं मशीन खोटं ठरलं तर ती कुठं जातील, आसं आलं मनात. बस, एवढंच."

मला काहीतरी बोलायचं होतं. चुकीची माफी मागायची होती, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. म्हणालो, "आक्का, मी मुद्दाम नाही गं केलं. मला खात्री होती. आपण म्हशीच्या कासेखाली वाढलेली माणसं, म्हशीचं मला ठाऊक आहे असं वाटलं..."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. खरंच कोड्यात पडली होती.

"आपल्या दारात म्हैस कधी होती रं?"

गाडीत बसल्यावर आठवून बघितलं. नव्हती. आबांकडं मेंढरं होती, साठ-सत्तर. म्हैस आक्कानं लग्नानंतर घेतली, आणि तेव्हा मी औरंगपुऱ्यात रेडिओ दुरुस्त करत होतो.